उचल-ठेव

त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूलच्या टापूत, खरशेतचा शेंद्रेपाडा आहे. पाड्याला तास नदी आडवी येते. नदी फार रुंद नाही, पण खडक कापत खोल गेलेली आहे. २०२२ च्या सुरुवातीला या घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून, डोक्यावर हंडे घेऊन चालणाऱ्या बायकांची छायाचित्रं राज्यभर पोचली. जानेवारीतच तिथं लोखंडी पूल बसला, तत्कालीन मंत्री आदित्य ठाकरे स्वतः जाऊन आले. त्याच वर्षीच्या जुलैत पुरानं तो पूल नेला.

त्या वेळी चर्चा झाली ती पुलाची आणि नळाची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या चित्रांत आणखी एक गोष्ट होती. चुंबळ, तिच्यावर हंडा, हंड्याखाली ताठ मान, आणि तोल सावरायला मोकळा राहिलेला हात. अरुंद, ओल्या, डुगडुगत्या लाकडावरून चौदा-पंधरा किलो पाणी न्यायचं असेल तर ओझं शरीरावर कुठं असावं, याचं उत्तर त्या बायकांनी शोधलेलं होतं. त्या उत्तराची किंमत त्यांची मान आणि कंबर भरते, हेही तितकंच खरं.

वाट आणि पाणी एकमेकांना छेदतात तिथं ओझं कसं वाहायचं, हा प्रश्न हरसूलचा आहे तसाच जगाच्या दुसऱ्या टोकालाही आहे. तिथं तो छंद म्हणून सोडवला जातो, आणि फार बारकाईनं सोडवला जातो. कॅनडाच्या आणि अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या सीमेवर हजारो तळी आहेत. एका तळ्यातून दुसऱ्यात जायला सलग पाणी नसतं. म्हणून कनू नावाची हलकी, निमुळती होडी वल्हवत काठाला आणायची, सामान उतरवायचं, ते पाठीवर आणि होडी खांद्यावर घ्यायची, झाडीतून पायवाट तुडवून पुढच्या तळ्यात पुन्हा होडी सोडायची. या वाहून नेण्याला तिकडे पोर्टेज म्हणतात. आठवडाभराच्या सफरीत असं उतरवणं-चढवणं कितीतरी वेळा होतं. त्यामुळे तिथल्या पाठपिशवीची घडण डोंगरयात्रेच्या सॅकहून वेगळी झाली. या पिशवीचा विचार हरसूलला बसून केला, तर आपल्या सॅकविषयी, आपल्या गाठोड्यांविषयी आणि त्या हंड्याविषयीही बरंच काही नव्यानं दिसतं.

या पिशवीची मुळं मजुरीत आहेत. अठराव्या शतकात मॉन्ट्रियलचे फरचे व्यापारी आपला माल आत, जंगलात पाठवत. होड्या वल्हवणाऱ्या फ्रेंच-कॅनडियन मजुरांना व्हॉयाजर म्हणत. मालाचे गठ्ठे साधारण नव्वद पौंडांचे, म्हणजे एक्केचाळीस किलोंचे बांधलेले असत, आणि पोर्टेजवर एका माणसानं असे दोन गठ्ठे उचलणं हा रिवाज होता. ब्याऐंशी किलो! पहिला गठ्ठा कंबरेच्या वर, दुसरा त्याच्यावर, आणि सगळा भार डोक्यावरून घेतलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर. सुपीरियर सरोवराच्या काठचं ग्रँड पोर्टेज तर साडेआठ मैलांचं, तेरा किलोमीटरच्याही वर. ते एका दमात पार होणं शक्य नव्हतं. अर्ध्या मैलाच्या आसपास ओझं खाली ठेवायची जागा ठरलेली असे, तिला ते ‘पोझ’ म्हणत. वाटेची लांबी सांगतानाही ते मैल सांगत नसत, इतक्या पोझची वाट असं सांगत. वाट मोजायची ती ओझं कितीदा टेकवावं लागलं त्यावरून. ज्यानं ओझं वाहिलंय त्यालाच असं माप सुचू शकतं.

कामिय पॉइरिए हा फ्रेंच-कॅनडियन चांभार १८७० च्या सुमारास सुपीरियर सरोवराकाठच्या डुलुथ गावी आला. जाड कॅनव्हासची मोठी चौकोनी पिशवी, वर बकलांनी बंद होणारी झडप, दोन खांदापट्टे आणि जोडीला डोक्यावरून घ्यायचा पट्टा अशी त्याची रचना होती. १२ डिसेंबर १८८२ रोजी त्याला तिचं पेटंट मिळालं. त्या पिशवीत छत्री अडकवायचीही सोय होती. हरसूलच्या पावसात वाढलेल्या माणसाला त्या चांभाराविषयी लगेच आपुलकी वाटावी! १९११ मध्ये त्यानं हा धंदा तंबू आणि छतं शिवणाऱ्या एका कंपनीला विकला. पिशवी डुलुथ पॅक या नावानं आजही शिवली जाते, आणि तिची मूळ घडण फारशी बदललेली नाही.

न बदलण्यामागे कारणं आहेत. डोंगरयात्रेची सॅक उंच आणि अरुंद असते, आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, कंबरेला जाड पट्टा. दिवसभर पाठीवर राहायचं, हे तिचं काम. होडीत मात्र हाच साचा अडचणीचा होतो. ती उंच उभी ठेवली तर होडीचा तोल वर सरकतो आणि होडी वारा धरते. आडवी ठेवली तर आतल्या पट्ट्या होडीच्या आडव्या दांड्यांत अडकतात, कंबरपट्टा लोंबतो, बकल तळाशी साचलेल्या पाण्यात भिजतं. शिवाय पोर्टेजवर होडी उलटी करून खांद्यावर घेतली की सॅकचा उंच माथा तिला लागतो. म्हणून कनूची पिशवी बुटकी आणि रुंद असते. भरली की फुगून घट्ट बसते, आडवी पाडली की तळाशी निपचित पडते, आणि पाठीवर घेतली तरी तिचा माथा खांद्यांच्या वर फारसा जात नाही. बाहेर लोंबणाऱ्या पट्ट्या शक्य तितक्या कमी असतात. वरच्या आणि खालच्या बाजूला उचलायला जाड मुठी असतात, कारण दिवसभरात पाठीपेक्षा हातानंच तिला जास्त वेळा धरावं लागतं.

मला यातलं मर्म तिथं सापडतं. पिशवी निवडताना दुकानात आपण ती पाठीवर घालून आरशात बघतो. पण ओझ्याची खरी परीक्षा ते पाठीवर असताना होत नाही. जमिनीवरून पाठीवर येताना आणि पाठीवरून जमिनीवर जाताना होते. मान लचकते ती तेव्हाच, पट्टा उसवतो तो तेव्हाच, सामान भिजतं तेही तेव्हाच. दिवसातून ओझं कितीदा आणि कुठून उचलायचं, कुठं टेकवायचं, याचा विचार आधी केला की आकार, कापड, पट्टे हे सगळं आपोआप ठरत जातं.

आपल्याकडे जंगलातून आठवडाभर होडी वल्हवत जाण्याचा छंद रुजलेला नाही. त्याचं कारण भूगोलात आहे. सह्याद्रीच्या नद्या चार महिने अंगावर येतात आणि उन्हाळ्यात खडक उघडे पाडतात. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून गोदावरी पूर्वेला निघते. इकडे हरसूलच्या अंगाचं पाणी मात्र पश्चिमेला दमणगंगेच्या खोऱ्यात उतरतं. घळी, धबधबे, पाण्याचा लोंढा यांमुळे ते होडीला धार्जिणं नाही. तरीही ‘थोडं पाणी, थोडी वाट’ असा प्रवास आपण करतोच. बामणोलीहून लाँचमधून शिवसागर ओलांडून वासोट्याला जाणारे ट्रेकर हेच करतात. वाघेरा, खैराई, भास्करगड अशा या भागातल्या किल्ल्यांना पावसाळ्यात जाणाऱ्यांना ओढे पार करावे लागतात. आणि इथली माणसं तर वर्षभर हेच करतात.

त्यांच्याकडची साधनं मी बघत आलो आहे. बांबूच्या कामट्यांची डालगी, टोपल्या, सुपं. लावणीच्या दिवसांतलं इरलं हे माझ्या मते या भागातलं सगळ्यात देखणं पाठीवरचं साधन. बांबूचा सांगाडा, मध्ये पळसाची किंवा सागाची पानं, डोक्यापासून कंबरेखालपर्यंत कवच. वाकून आवण लावणाऱ्या बाईची पाठ कोरडी राहते आणि दोन्ही हात चिखलात मोकळे चालतात. उभ्या माणसासाठी केलेला रेनकोट वाकल्यावर पाठीवरून वर सरकतो. इरलं वाकलेल्या पाठीसाठीच बनलेलं आहे. आता त्याच्या जागी प्लास्टिकची खोळ आली. हलकी, स्वस्त, वाऱ्याला उडणारी. इरल्याची जागा तिनं घेतली हे समजण्यासारखं आहे, पण त्या घडणीतलं शहाणपण तिच्यात आलेलं नाही. अमेरिकेच्या मेन राज्यात पासामाक्वाडी आणि इतर मूळ रहिवासी ॲशच्या लाकडाच्या पट्ट्यांपासून पाठीवर घ्यायच्या टोपल्या विणतात, आणि कनूवाले त्या आजही मोलानं घेतात. टोपलीत भांडी, कुऱ्हाड असल्या टोकदार वस्तू ठेवल्या तरी पाठीला बोचत नाहीत आणि जमिनीवर ठेवली की ती स्वतः उभी राहते. आपल्या कारागिराच्या हातात हेच कसब आहे. डालग्याला दोन रुंद खांदापट्टे लावून बघायला कुणी सांगितलेलं नाही, एवढाच फरक.

निळ्या पिंपाचंही तसंच. एचडीपीई प्लास्टिकचं निळं पिंप म्हणजे महाराष्ट्रातल्या टंचाईची खूणच. घराघरांसमोर, टँकरच्या वाटेवर ती ओळीनं उभी असतात. कनूवाल्यांकडे याच जातीची तीस आणि साठ लिटरची छोटी पिंपं असतात. अन्नपदार्थांच्या वाहतुकीतून ती छंदात आली. तोंडाला रबरी कडं, वर झाकण, त्याला लोखंडी पट्टीची पकड. होडी उलटली तरी धान्य कोरडं राहतं आणि पिंप तरंगतं. त्याला खांदापट्ट्यांचा साज चढवला की झाली पाठपिशवी. रात्री तेच बसायला चालतं. पिंप गोल आणि कडक असल्यानं पाठीला रुततं, म्हणून मध्ये जाड फोमचा थर लागतो. तो नसेल तर अर्ध्या तासात मणका बोलायला लागतो.

दिवाळी सरली, भाताची झोडणी आटोपली की हरसूल, पेठ, सुरगाणा, मोखाडा या पट्ट्यातली कुटुंबं जगायला बाहेर पडतात. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, नाशिकच्या बांधकामांवर, ठाणे-पालघरच्या वीटभट्ट्यांवर. एसटीच्या टपावर, जीपच्या मागे, रस्त्याच्या कडेला त्यांचं सामान दिसतं. युरियाच्या गोणीत तांदूळ आणि नागली, चादरीच्या बोचक्यात कपडे, पातेल्यात पातेली घालून दोरीनं बांधलेली भांडी, वर गुंडाळलेली ताडपत्री. घाईत बांधलेलं वाटतं, पण तसं नसतं. मुक्कामी पोचल्यावर आधी ताडपत्री लागणार, म्हणून ती सगळ्यांत वर. मग भांडी, मग धान्य. ट्रेकरला हा क्रम शिकायला वर्षं लागतात. खताच्या गोणीचा गुण वेगळा सांगायला हवा. बाहेर विणलेलं प्लास्टिक, आत पातळ पिशवीचं अस्तर. बाहेरचा थर घासणं सोसतो, आतला पाणी अडवतो. कनूची पिशवी नेमकी याच दोन थरांवर उभी आहे. बाहेर कॅनव्हास किंवा नायलॉन, आत जाड पॉलिथिनची पिशवी, तोंडाशी पिळून, दुमडून बांधलेली. जलरोधक म्हणून विकली जाणारी महागडी सॅक घेऊन तिच्यावर विसंबून राहण्यापेक्षा साधी मजबूत सॅक आणि आत जाड अस्तर, हा मार्ग मी कुणालाही सांगेन.

आपल्या हवेत तर तो जास्तच लागू आहे. स्वस्त सॅकच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा लेप असतो. दमट हवेत कपाटात बंद राहिला की तो हळूहळू विघटित होतो, चिकट होतो, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि दोनतीन पावसाळ्यांत जलरोधकपणा संपतो. वरून घालायचं पावसाळी कव्हर मागून आणि बाजूनं येणारा पाऊस अडवतं. मानेवरून पाठीच्या आणि सॅकच्या मधून उतरणारं पाणी ते अडवू शकत नाही. ओढ्यात उतरल्यावर तर त्यात पाणी साठतं आणि सॅक मागे खेचते. ओढा ओलांडताना कव्हर काढून ठेवावं, कंबरपट्टा आणि छातीपट्टा सोडावा, म्हणजे पाय घसरलाच तर सॅक टाकून देता येते. आत हवा कोंडून अस्तराचं तोंड घट्ट बांधलेलं असेल तर ती सॅक तरंगते. गुडघ्यावर आलेलं, गढूळ, जोरदार पाणी मात्र कोणत्याही सॅकच्या भरवशावर ओलांडू नये. सह्याद्रीतला ओढा पाऊस थांबल्यावर थोड्या वेळानं उतरतोही. थांबणं हाच उपाय.

सॅक घेताना लिटर बघण्याआधी पाठ मोजावी. मान पुढे झुकवली की तिच्या तळाशी जे हाड वर येतं तिथून कंबरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंतचं अंतर, ही पाठीची लांबी. उंची सारखी असलेल्या दोन माणसांची पाठ वेगळी असू शकते. मग दुरुस्त्या. गावातला चांभार किंवा ताडपत्री शिवणारा हे काम मोठ्या दुकानापेक्षा चांगलं करतो, फक्त त्याला काय हवं ते नेमकं सांगावं. पट्टी पॉलिएस्टरची घ्यावी, नायलॉन भिजल्यावर सैल पडतं. दोरा पॉलिएस्टरचाच, कारण सुती दोरा दमट हवेत कुजतो. जिथं भार येतो तिथं चौकोनात फुली असे टाके मारावेत. खालच्या बाजूला एक जाड मूठ शिवून घ्यावी. लाँचमधून, जीपच्या टपावरून सॅक ओढताना तिचा उपयोग पहिल्याच दिवशी कळतो. जास्तीच्या लोंबत्या पट्ट्या कापून त्यांची टोकं मेणबत्तीवर वितळवावीत. आणि सॅकच्या मुख्य अंगाला नवं भोक पाडण्याआधी विचार करावा, सुईचं प्रत्येक छिद्र पाण्याला वाट देतं.

डोक्यावरच्या पट्ट्याबद्दल शहरी ट्रेकर नाक मुरडतात. पण त्या बाबतीत विज्ञान बायकांच्या आणि हमालांच्या बाजूनं आहे. १९८६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लुओ बायका ओझं डोक्यावर घेतात, किकुयू बायका डोक्यावरच्या पट्ट्यानं पाठीवर. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतचं ओझं वाहताना त्यांच्या शरीराचा ऊर्जेचा खर्च जवळजवळ वाढत नाही, असं त्यात दिसलं. चालताना शरीर दर पावलाला उंचावतं आणि खाली येतं. वर जाताना साठलेली ऊर्जा पुढच्या पावलाला वापरण्याचं कसब या बायकांच्या चालीत ओझ्याखाली अधिक सुधारतं, असं पुढच्या संशोधनानं दाखवलं. २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये नेपाळच्या हमालांवर लेख आला. नामचे बाजारला जाणाऱ्या वाटेवर पुरुष हमालांचं सरासरी ओझं त्यांच्या वजनाच्या ९३ टक्के होतं, बायकांचं ६६ टक्के. कपाळावर नाम्लो, पाठीवर डोको, हातात टी-आकाराची काठी. ही काठी टेकायला तर आहेच, शिवाय ओझं खाली न ठेवता तिच्यावर टेकवून उभ्या-उभ्या दम खायलाही. ते हळू चालतात आणि वारंवार थांबतात. व्हॉयाजरांची पोझ आणि हमालांची काठी एकाच गरजेतून आलेली आहे.

या अभ्यासांतून ‘मग बायकांना त्रास होत नाही’ असा निष्कर्ष कुणी काढू नये. ऊर्जा वाचते, मणका वाचतोच असं नाही. लहानपणापासून रोज, दिवसातून अनेकदा, गरोदरपणातही वाहिलेलं ओझं मानेच्या हाडांत साठतं. जलजीवन मिशननं माणशी रोज ५५ लिटरचं माप ठरवलं आहे. पाच जणांच्या घराला ते २७५ लिटर होतं, म्हणजे पंधरा लिटरच्या हंड्यानं अठराहून अधिक खेपा. नळ पोचत नाही तोवर हे माप कुणाच्या तरी डोक्यावरून पुरं व्हायचं, किंवा पुरं न होताच राहायचं. बहुतेक वेळा पुरं होत नाही.

सुट्टीतल्या ओझ्यासाठी शेदीडशे वर्षं जो विचार आणि पैसा खर्च झाला, त्यातला थोडा रोजच्या पाण्याच्या ओझ्याकडेही वळला आहे. दक्षिण आफ्रिकेत हिप्पो रोलर नावाचं नव्वद लिटरचं ढकलायचं पिंप बनलं. सपाट, पक्क्या वाटेवर ते फार मोलाचं आहे; तासच्या घळीत उतरायला मात्र त्याचा उपयोग नाही. २०१० च्या हैती भूकंपानंतर ओहायोतल्या ग्राइफ या औद्योगिक पिंपं-गोण्या बनवणाऱ्या कंपनीनं पाण्यासाठी पाठपिशवी काढली, पॅकएचटूओ नावाची. वीस लिटर, बाहेर विणलेलं पॉलिप्रॉपिलिन, आत काढून धुता येणारं अस्तर. गोणीचे दोन थरच, पाठीला लावलेले. चढउताराच्या वाटेला ही कल्पना हिप्पो रोलरपेक्षा जवळची आहे.

पण ती इथं आणून वाटली की काम झालं, असं होणार नाही. खांदापट्टे पदरावर घसरतात, म्हणून ते रुंद, खरबरीत कापडाचे हवेत आणि छातीवर जोडणारी पट्टी पदराच्या वरून सहज लागायला हवी. पाठ ओली राहिली तर थंडीत ती कुणी वापरणार नाही. डोक्यावर एक आणि कडेवर एक अशा दोन भांड्यांची सवय असलेल्या बाईला वीस लिटरच्या एका खेपेत पाणी कमी वाटलं, तर ती हंडाच उचलेल, आणि ते बरोबरच असेल. मुख्य अडचण मात्र उचलण्याची आहे. भरलेला हंडा डोक्यावर चढवायला दुसऱ्या बाईला हाक मारावी लागते, “हात लाव गं.” भरलेली पाठपिशवी जमिनीवरून एकटीनं पाठीवर घेणं त्याहून अवघड. कनूवाले पिशवी आधी मांडीवर घेतात, मग एक हात पट्ट्यात घालून अंग वळवतात. नऊवारी किंवा लुगड्यात, निसरड्या काठावर ते जमणार नाही.

म्हणून माझं मत असं, की पिशवीच्या आधी ओटा बांधावा. झऱ्याजवळ, विहिरीजवळ, घळीच्या दोन्ही अंगांना, दगडाचा, बाईच्या कंबरेइतक्या उंचीचा. भरलेली पिशवी त्यावर ठेवायची, पाठ फिरवून पट्टे खांद्यांत घ्यायचे, गुडघे सरळ करून उभं राहायचं. हंड्यालाही तोच ओटा चालतो, हाक मारायची गरज उरत नाही. केरळात जुन्या रस्त्यांच्या कडेला ओझं टेकवायला दोन उभ्या दगडांवर तिसरा आडवा असे दगडी आधार उभे केलेले आहेत, त्यांना अत्ताणी म्हणतात. डोक्यावरून थेट त्यावर ओझं सरकवता येतं, कुणाच्या मदतीशिवाय पुन्हा घेता येतं. हरसूलच्या डोंगरात दगड आहे आणि तो रचणारे हातही आहेत. उंची मात्र रोज पाणी भरणाऱ्या बायकांना उभं करून, त्यांच्या कंबरेला सुतळी लावूनच ठरवायला हवी.